रासायनिक बंध पहिल्यांदा शिकताना: मीठ, संत्र्याची साल आणि कूलरची ताटी

रासायनिक बंधाचा धडा आठवीत पहिल्यांदा भेटतो, दहावीत कार्बनच्या निमित्ताने परत येतो आणि अकरावीत पूर्ण ताकदीने समोर उभा राहतो. तिन्ही वेळा बरीच मुलं ‘इलेक्ट्रॉन दिला-घेतला की आयनिक, वाटून घेतला की सहसंयुज’ एवढं घोकतात आणि पुढच्या धड्याला लागतात. परीक्षेत मार्क मिळतात. पण मेण ज्योतीच्या नुसत्या धगीने पाघळतं आणि मीठ तव्यावर कितीही तापवलं तरी वितळत नाही, असं का, हे विचारलं की उत्तर सुचत नाही.

हा लेख त्या मुलांसाठी आहे, आणि त्यांना घरी शिकवायला बसणाऱ्या आई-वडिलांसाठीही. सगळा धडा एका वाक्यावर उभा आहे: अणू एकमेकांना धरून राहतात, कारण एकत्र आल्यावर त्यांची एकूण ऊर्जा कमी होते. अष्टक, देवाणघेवाण, भागीदारी या सगळ्या गोष्टी ती ऊर्जा कुठे आणि कशी कमी होते हे ओळखायच्या खुणा आहेत. वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, कारण पुढे प्रत्येक पायरीवर ते लागणार आहे.

आधी सामान गोळा करा

वही-पेन्सिल आणि आवर्तसारणीचा तक्ता हवाच. प्रयोगासाठी ९ व्होल्टची बॅटरी, एक एलईडी, ३३० ओहमचा एक रोध, थोडी वायर आणि दोन्ही टोकांना तासलेल्या दोन पेन्सिली. नागपुरात बर्डीवर इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानात हे सगळं थोड्या पैशांत मिळतं. स्वयंपाकघरातून मीठ, साखर, लिंबू घ्या. ऊर्ध्वपातित पाणी, म्हणजे इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते पाणी, एक बाटली आणा. नळाचं पाणी या प्रयोगाला चालत नाही. पेंच आणि कन्हान नद्यांमधून आपल्याकडे येणाऱ्या पाण्यात क्षार विरघळलेले असतातच, आणि बोअरच्या पाण्यात तर भरपूर असतात. त्या क्षारांमुळे काही न घालताच एलईडी थोडा उजळतो आणि प्रयोग फसतो.

घरातल्या विजेच्या सॉकेटला यातलं काहीही जोडायचं नाही. बॅटरी म्हणजे बॅटरीच.

पायरी १: शेवटच्या कक्षेतले इलेक्ट्रॉन मोजा

अणूच्या मध्यभागी धनप्रभारित केंद्रक असतं आणि त्याभोवती वेगवेगळ्या कक्षांमध्ये इलेक्ट्रॉन असतात. बंधात भाग घेतात ते बहुतांशी सगळ्यात बाहेरच्या कक्षेतले, म्हणजे संयुजा इलेक्ट्रॉन. आतले इलेक्ट्रॉन केंद्रकाने इतके घट्ट धरलेले असतात की नेहमीच्या रासायनिक अभिक्रियेत ते हलत नाहीत.

मोजणी सोपी आहे. आवर्तसारणीतल्या पहिल्या गणात, म्हणजे उभ्या स्तंभात, १ संयुजा इलेक्ट्रॉन, दुसऱ्यात २. मग मधला पट्टा सोडा आणि १३ ते १७ या गणांच्या क्रमांकातून १० वजा करा. कार्बन १४व्या गणात, म्हणून ४. नायट्रोजन ५, ऑक्सिजन ६, क्लोरीन ७. अठराव्या गणातल्या निऑन, अरगॉन वगैरे राजवायूंना ८, फक्त हेलियमला २. हे वायू सहसा कोणाशी जोडले जात नाहीत, आणि त्यावरूनच ‘बाहेरच्या कक्षेत ८ असले की अणू स्थिर’ हा अष्टकाचा नियम आला.

मधल्या पट्ट्याला हा नियम लावू नका. आपल्या जिल्ह्यात मनसर-गुमगावकडे आणि शेजारी भंडाऱ्यात डोंगरी बुजुर्गला ज्या मँगनीजच्या खाणी आहेत, तो मँगनीज याच पट्ट्यातला. मँगनीज डायऑक्साइडमध्ये त्याचा ऑक्सिडीकरण अंक, म्हणजे त्याने किती इलेक्ट्रॉन दिले असं धरायचं तो आकडा, +४ असतो, तर जखम धुवायला वापरायचे त्या जांभळ्या पोटॅशियम परमँगनेटमध्ये +७. हे धातू सध्या बाजूला ठेवा. आधी पहिले वीस अणू पक्के करा.

पायरी २: ऊर्जेचा हिशेब समजून घ्या

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ द्या. इथे गडबड झाली की पुढे अकरावी-बारावीत उष्मारसायनशास्त्रात अडायला होतं.

हायड्रोजनचे दोन अणू घ्या. प्रत्येकाकडे एक केंद्रक, एक इलेक्ट्रॉन. ते लांब असताना एकमेकांशी काही देणंघेणं नाही. जवळ येऊ लागले की पहिल्या अणूचा इलेक्ट्रॉन दुसऱ्याच्या केंद्रकाकडेही ओढला जातो, आणि दुसऱ्याचा पहिल्याकडे. दोन्ही इलेक्ट्रॉन आता दोन्ही केंद्रकांच्या ओढीत आहेत, त्यामुळे एकूण ऊर्जा उतरते. पण फारच जवळ आले तर दोन केंद्रकांमधलं प्रतिकर्षण वाढतं आणि ऊर्जा पुन्हा चढते. यांच्या मध्ये एक असं अंतर असतं जिथे ऊर्जा सगळ्यात कमी असते. हायड्रोजनच्या रेणूत ते ७४ पिकोमीटर आहे. एक पिकोमीटर म्हणजे मीटरचा एक लाख कोटीवा भाग. या अंतराला बंधलांबी म्हणतात. अणू तिथे गोठून बसत नाहीत, त्या अंतराच्या आसपास सतत कंप पावत राहतात.

वहीत याचा आलेख काढा: आडव्या अक्षावर अंतर, उभ्या अक्षावर ऊर्जा. उजवीकडून डावीकडे येताना रेघ हळूहळू खाली उतरते, तळ गाठते आणि मग एकदम वर जाते. आलेख स्वतःच्या हाताने काढा, छापलेला बघून भागत नाही.

त्या तळाची खोली म्हणजे बंध किती घट्ट आहे त्याचं माप. हायड्रोजन-हायड्रोजन बंध तोडायला मोलमागे ४३६ किलोज्यूल लागतात. मोल म्हणजे कणांची एक ठरलेली प्रचंड संख्या. पाण्याचा एक मोल भरतो १८ ग्रॅम, म्हणजे जेमतेम चार चमचे.

आता ते वाक्य, जे उलटं पाठ केलेलं मी सगळ्यात जास्त वेळा ऐकतो: ‘बंध तुटला की ऊर्जा बाहेर पडते.’ हे साफ चूक आहे. बंध तोडायला नेहमीच ऊर्जा घालावी लागते आणि बंध जुळताना ती बाहेर पडते. दोन लोहचुंबक हातात घेऊन पाहा. चिकटलेले ओढून वेगळे करायला जोर लावावा लागतो, आणि सोडले की ‘खट्’ आवाज करत ते स्वतःच जुळतात. तो आवाज म्हणजे जुळताना सुटलेली ऊर्जा.

मग गॅस जळताना उष्णता कुठून येते? जुने बंध तोडायला जेवढी लागते, त्याहून नवे बंध जुळताना जास्त मिळते, म्हणून. हायड्रोजन जळून पाणी होतं ते उदाहरण घ्या. हायड्रोजनचे २ मोल आणि ऑक्सिजनचा १ मोल. तोडायचे बंध: हायड्रोजनचे दोन, २ × ४३६ = ८७२, आणि ऑक्सिजनमधला दुहेरी बंध ४९८. एकूण खर्च १३७०. पाण्याचे २ मोल झाले, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनचे ४ बंध जुळले, प्रत्येकी ४६३. एकूण मिळकत १८५२. फरक ४८२ किलोज्यूल, आणि तीच आपल्याला मिळणारी उष्णता. प्रत्यक्ष मोजमापही जवळपास तेवढंच येतं.

हे गणित कागदावर स्वतः करा. मग गोबर गॅसमधल्या मिथेनचं करा: कार्बन-हायड्रोजन बंध ४१३, कार्बन डायऑक्साइडमधला कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंध ७९९, बाकीचे आकडे वरचेच. मिथेनच्या एका मोलला ऑक्सिजनचे दोन मोल लागतात. उत्तर ८०२ यायला हवं.

पायरी ३: मिठाचा जमाखर्च

सोडियमच्या बाहेरच्या कक्षेत १ इलेक्ट्रॉन, क्लोरीनच्या ७. सोडियमने एक दिला, क्लोरीनने घेतला, दोघांचं अष्टक झालं. एवढं सगळ्यांना माहीत असतं, आणि त्यापाठोपाठ ‘सोडियमला इलेक्ट्रॉन द्यायचाच असतो’ असंही सांगितलं जातं. त्यावर विश्वास ठेवू नका. सोडियमच्या अणूतून इलेक्ट्रॉन ओढून काढायला मोलमागे ४९६ किलोज्यूल खर्च येतो, आणि क्लोरीनने तो स्वीकारल्यावर फक्त ३४९ परत मिळतात. नुसत्या देवाणघेवाणीत तोटाच आहे.

पूर्ण खातं असं मांडा. घन सोडियमचे सुटे अणू करायला १०७. क्लोरीनच्या रेणूतला बंध तोडून एक मोल अणू मिळवायला १२२. सोडियमचा इलेक्ट्रॉन काढायला ४९६. इथवर खर्च ७२५. क्लोरीनने परत दिले ३४९, उरला खर्च ३७६. हा भरून निघतो शेवटच्या टप्प्यात: धन सोडियम आयन आणि ऋण क्लोराइड आयन (आयन म्हणजे प्रभार आलेला अणू) एकत्र येऊन स्फटिक रचतात तेव्हा ७८७ किलोज्यूल बाहेर पडतात. निव्वळ फायदा ४११. मीठ स्थिर आहे ते या ७८७ मुळे. त्याला जालक ऊर्जा म्हणतात, आणि आयनिक बंधाचा खरा आधार तीच आहे.

मिठाच्या स्फटिकात एका सोडियम आयनभोवती ६ क्लोराइड आयन असतात आणि एका क्लोराइडभोवती ६ सोडियम. सोडियम-क्लोरीनची सुटी जोडी तिथे सापडत नाही. म्हणून ‘मिठाचा रेणू’ म्हणू नका. मिठाचं सूत्र फक्त १:१ हे प्रमाण सांगतं.

मीठ ८०१ अंश सेल्सिअसला वितळतं ते या चहूबाजूंच्या ओढीमुळे. आणि खडे मिठाचा मोठा खडा खलबत्त्यात ठोकला तर चपटा न होता फुटतो, त्याचंही कारण इथेच आहे. आघाताने आयनांचा एक थर थोडा सरकला की धनासमोर धन आणि ऋणासमोर ऋण येतं, आणि ते एकमेकांना दूर लोटतात. एक खडा फोडून भिंगाखाली तुकडे बघा. बऱ्याच तुकड्यांच्या कडा काटकोनात दिसतील, आतली मांडणी तशीच आहे.

पायरी ४: ठिपके मांडायला शिका

सहसंयुज बंधात इलेक्ट्रॉनची जोडी दोन अणूंमध्ये वाटली जाते. ही कल्पना अमेरिकेच्या गिल्बर्ट ल्युईस यांनी १९१६ मध्ये मांडली, आणि ठिपक्यांनी इलेक्ट्रॉन दाखवायची पद्धतही त्यांचीच. शंभर वर्षं उलटून गेली तरी सुरुवात करायला याहून चांगलं साधन मला माहीत नाही.

कार्बन डायऑक्साइड सोडवून बघू. सगळे संयुजा इलेक्ट्रॉन मोजा: कार्बनचे ४, दोन ऑक्सिजनचे ६ आणि ६, एकूण १६. कार्बन मध्ये ठेवा, दोन बाजूंना ऑक्सिजन. प्रत्येक ऑक्सिजनशी एकेक जोडी लावली, ४ संपले, १२ उरले. हे १२ दोन्ही ऑक्सिजनभोवती सहा-सहा वाटले की त्यांची अष्टकं पूर्ण. आता कार्बनकडे बघा. त्याच्याभोवती फक्त ४ आहेत आणि हातात शिल्लक काही नाही. तेव्हा प्रत्येक ऑक्सिजनची स्वतःपुरती ठेवलेली एकेक जोडी उचलून मध्ये आणा. कार्बनभोवती ८ झाले, ऑक्सिजनचे ८ तसेच राहिले, आणि दोन्ही बाजूंना दुहेरी बंध तयार झाला: ऑक्सिजन = कार्बन = ऑक्सिजन.

बेरीज करा, मधला अणू ठरवा, एकेरी बंध लावा, बाहेरच्यांची अष्टकं भरा (हायड्रोजनला मात्र हेलियमसारखे २च पुरतात), कमी पडलं तर जोड्या आत सरकवा. या क्रमाने पाणी (८ इलेक्ट्रॉन), अमोनिया (८) आणि नायट्रोजन वायू (१०) करून बघा. नायट्रोजनला तिहेरी बंध लागेल. तो तोडायला ९४५ किलोज्यूल लागतात, म्हणून हवेत इतका नायट्रोजन असूनही पिकांना तो सरळ घेता येत नाही आणि शेतकऱ्याला युरिया विकत आणावा लागतो.

ठिपक्यांच्याही मर्यादा आहेत आणि त्या आधीच सांगितलेल्या बऱ्या. बोरॉन ट्रायफ्लोराइडमध्ये बोरॉनभोवती ६ च इलेक्ट्रॉन असतात, सल्फर हेक्झाफ्लोराइडमध्ये सल्फरभोवती १२ मोजावे लागतात. ऑक्सिजन वायूच्या चित्रात सगळे इलेक्ट्रॉन जोडीने दिसतात, पण द्रवरूप ऑक्सिजन चुंबकाकडे ओढला जातो, आणि ते सुट्या इलेक्ट्रॉनशिवाय शक्य नाही. त्याचं उत्तर पुढे रेणू-कक्षकांच्या सिद्धांतात मिळतं. तोवर अष्टक हा उपयोगी अंदाज आहे, निसर्गाचा कायदा नाही.

पायरी ५: ओढाताण मोजा

वाटलेली जोडी नेहमीच बरोबर मध्ये नसते. कोणता अणू ती आपल्याकडे किती ओढतो याला विद्युतऋणता म्हणतात. लायनस पॉलिंग यांनी १९३२ मध्ये तिची मोजपट्टी तयार केली. फ्लोरीन ३.९८, ऑक्सिजन ३.४४, क्लोरीन ३.१६, नायट्रोजन ३.०४, कार्बन २.५५, हायड्रोजन २.२०, सोडियम ०.९३. एवढ्यावर बरंच काम भागतं.

दोन अणूंच्या आकड्यांतला फरक काढा. शून्याच्या जवळ असेल तर जोडी मध्ये आहे, बंध अध्रुवीय. मध्यम असेल तर बंध ध्रुवीय: ज्याचा आकडा मोठा, त्या बाजूला थोडा ऋण प्रभार. साधारण १.७ च्या वर गेला की आयनिक मानायची पद्धत आहे. मीठ २.२३, आयनिक. पाण्यातला ऑक्सिजन-हायड्रोजन बंध १.२४, ध्रुवीय सहसंयुज.

पण १.७ ही काही भिंत नाही. हायड्रोजन फ्लोराइडचा फरक १.७८ येतो आणि तरीही तो सुट्या रेणूंचा पदार्थ आहे, मिठासारखा स्फटिक नाही. आयनिक आणि सहसंयुज ही एकाच रस्त्याची दोन टोकं आहेत, आणि बहुतेक पदार्थ मधेच कुठेतरी असतात.

पायरी ६: धातू

इतवारीतल्या सराफा ओळीत सोनं ठोकून पातळ करतात, त्याची तार ओढतात, आणि ते मिठासारखं फुटत नाही. धातूत प्रत्येक अणूचे बाहेरचे इलेक्ट्रॉन कोणा एकाच्या मालकीचे राहत नाहीत. सगळ्या तुकड्यात फिरत असतात. धन आयनांचे थर घाव बसून सरकले तरी त्यांच्या मधले फिरते इलेक्ट्रॉन सगळ्यांना धरून ठेवतात. तांब्याच्या तारेतून वीज वाहते आणि चहात ठेवलेला चमचा तापतो, तेही या इलेक्ट्रॉनमुळे. धातुबंध किती घट्ट हे मात्र धातूवर अवलंबून: पारा उणे ३९ अंशांनाच वितळतो, सोडियम ९८ ला, तांबं १०८५ ला, टंगस्टन ३४२२ ला.

पायरी ७: रेणूच्या आतलं आणि रेणूंच्या मधलं

इथे पुन्हा थांबायचं आहे, आणि नागपूरच्या मे महिन्याइतका चांगला शिक्षक या भागाला मिळणार नाही.

पारा ४५ च्या पुढे गेला की घरोघरी कूलर लागतात. पाणी वाळ्याच्या ताटीवरून झिरपतं, बाहेरची कोरडी हवा त्यातून ओढली जाते, पाण्याची वाफ होते आणि आत गार हवा येते. विचारा: वाफ होताना कोणता बंध तुटला? पुष्कळजण म्हणतात, ऑक्सिजन आणि हायड्रोजनमधला. नाही. वाफेतही पाण्याचे रेणू अख्खेच असतात. तुटली ती एका रेणूची दुसऱ्या रेणूशी असलेली ओढ.

पाण्याच्या रेणूचा आकार वाकडा आहे, दोन बंधांमधला कोन १०४.५ अंश. ऑक्सिजनच्या बाजूला थोडा ऋण प्रभार, हायड्रोजनच्या बाजूंना थोडा धन. एका रेणूचा हायड्रोजन शेजारच्या रेणूच्या ऑक्सिजनकडे ओढला जातो. हाच हायड्रोजन बंध. पाण्यात त्याची ताकद मोलमागे साधारण २० किलोज्यूल, म्हणजे रेणूच्या आतल्या ४६३ च्या मानाने फारच थोडी. पण प्रत्येक रेणू शेजारच्या कितीतरी रेणूंशी असा गुंतलेला असतो. म्हणून पाणी १०० अंशांना उकळतं, तर त्याच्याच कुळातला हायड्रोजन सल्फाइड उणे ६० ला उकळून वायू होऊन जातो.

कूलरचं गणित असं. एक मोल पाण्याची वाफ व्हायला साधारण ४४ किलोज्यूल लागतात, एक लिटरला सुमारे २४०० किलोज्यूल. ही ऊर्जा हवेतून घेतली जाते, म्हणून हवा गार होते. रेणूतले दोन्ही बंध तोडायचे असते तर मोलमागे ९२६ लागले असते, म्हणजे वीसपटीहून जास्त. पावसाळा सुरू झाला की कूलर चालेनासा होतो, कारण हवेत आधीच भरपूर वाफ असते आणि ताटीवरचं पाणी उडत नाही. बंध तेच आहेत, बदलली ती हवा.

दुसरं उदाहरण संत्र्याचं. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, हाताने चटकन निघते. सालीचा ताजा तुकडा बाहेरची बाजू पुढे करून फुगवलेल्या फुग्याजवळ दुमडा, म्हणजे बारीक फवारा फुग्यावर पडेल. पातळ रबराचा, चांगला ताणलेला फुगा बहुधा फटकन फुटतो. फवाऱ्यात लिमोनीन नावाचं तेल असतं. त्यात फक्त कार्बन आणि हायड्रोजन आहेत, विद्युतऋणतेतला फरक ०.३५, म्हणजे रेणू जवळजवळ अध्रुवीय. रबराच्या लांब साखळ्याही कार्बन-हायड्रोजनच्याच. सारखे सारख्यात मिसळतात: लिमोनीन रबरात शिरतं, ती जागा कमजोर होते, आतली दाबलेली हवा बाकीचं काम करते. पाणी मात्र रबरावरून ओघळून जातं. डोळ्यांत फवारा जाऊ देऊ नका, आणि जवळ दिवा किंवा गॅस पेटलेला नको, हे तेल भडकतं.

मेण सहज पाघळतं याचं उत्तर आता तुम्हीच द्याल. त्याचे रेणू आतून मजबूत आहेत, पण रेणूंमधली ओढ कमी. मग ‘सहसंयुज पदार्थ लवकर वितळतात’ हा नियम झाला का? कन्हानची वाळू हातात घ्या. तिच्यातलं क्वार्ट्झ सहसंयुज आहे, पण त्यात सुटे रेणू नाहीत, सिलिकॉन आणि ऑक्सिजनची एकच अखंड जाळी आहे. वितळवायचं तर प्रत्यक्ष सहसंयुज बंधच तोडावे लागतात, म्हणून सुमारे १७०० अंश लागतात. वितळायला काय तुटावं लागेल, हा प्रश्न आधी विचारा.

पायरी ८: एलईडी लावून तपासा

बॅटरीचं धन टोक रोधाला, रोध एलईडीच्या लांब पायाला, आखूड पाय एका पेन्सिलीच्या शिसाला. दुसरी पेन्सिल बॅटरीच्या ऋण टोकाला. दोन्ही पेन्सिलींची खालची टोकं एकमेकांना टेकवा, एलईडी पेटायला हवा. पेन्सिलीच्या शिसात ग्रॅफाइट असतं. ग्रॅफाइट सहसंयुज आहे, पण त्यात प्रत्येक कार्बन तिघांशीच जोडलेला असतो आणि चौथा इलेक्ट्रॉन थरात फिरता राहतो, म्हणून वीज वाहते.

आता पेन्सिली कोरड्या मिठात खोचा. एलईडी पेटणार नाही. आयन आहेत, पण जागेवर जखडलेले. मग ऊर्ध्वपातित पाण्यात बुडवा, तरीही नाही. त्यात साखर घाला, नाहीच: साखर रेणूंच्या रूपात विरघळते, तिथे प्रभार वाहून नेणारं कोणी नाही. दुसऱ्या वाटीत तेच पाणी घेऊन चिमूटभर मीठ घाला. एलईडी उजळेल आणि पेन्सिलींच्या टोकांशी बुडबुडे दिसतील. आयन मोकळे झाले. मिठाच्या पाण्यात थोडा क्लोरीनही तयार होतो, म्हणून खिडकी उघडी ठेवा आणि काही सेकंदांतच पेन्सिली बाहेर काढा.

शेवटी लिंबाचा रस. एलईडी मंद पेटेल. सायट्रिक आम्ल सहसंयुज असूनही पाण्यात त्याचे थोडे रेणू आयन देतात. म्हणजे द्रावणातून वीज वाहिली एवढ्यावरून मूळ पदार्थ आयनिक ठरवता येत नाही. घन असताना वाहते का, किती तापमानाला वितळतो, ठोकल्यावर काय होतं, हे सगळं मिळून निर्णय घ्यायचा.

स्वतः सोडवायला एक

मोसम संपल्यावर कूलरची ताटी काढाल तेव्हा तिच्यावरचा पांढरा कडक थर खरवडून घ्या. बोअरचं पाणी वापरत असाल तर चमचाभर सहज मिळेल. त्यात मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट असतं. त्यावर लिंबू पिळा, बुडबुडे येतील, तो कार्बन डायऑक्साइड. आता कागदावर कार्बोनेट आयनचे ठिपके मांडा: कार्बन ४, तीन ऑक्सिजन १८, वरचे दोन ऋण प्रभार २, एकूण २४. एक दुहेरी आणि दोन एकेरी बंध येतील. दुहेरी बंध तिघांपैकी कोणत्याही ऑक्सिजनला देता येतो, आणि प्रत्यक्षात मोजलं तर तिन्ही बंध सारख्याच लांबीचे निघतात. म्हणजे त्या थरात कार्बोनेटच्या आत सहसंयुज बंध आहेत, आणि कार्बोनेट व कॅल्शियम यांच्यामध्ये आयनिक. पोटॅशियम परमँगनेटचीही गत तशीच.

एवढं जमलं की पुढचा विषय रेणूंचे आकार. मिथेनमध्ये कोन १०९.५, अमोनियात १०७, पाण्यात १०४.५, कार्बन डायऑक्साइडमध्ये १८०. हे आकडे इलेक्ट्रॉन जोड्यांच्या परस्पर प्रतिकर्षणातून कसे येतात, हे संकरणाचा धडा उघडण्याआधी शिका. मातीच्या गोळ्या आणि आगकाड्या घेऊन हे चारही रेणू करा. गांधीसागरजवळच्या रमण विज्ञान केंद्रात गेलात तर हेही लक्षात असू द्या: ज्यांचं नाव त्या इमारतीला आहे त्यांनी १९२८ मध्ये शोधलेला परिणाम वापरूनच आज रेणूतल्या बंधांची कंपनं मोजतात. प्रकाश रेणूवर पडून विखुरतो, त्यातल्या थोड्याशा प्रकाशाची वारंवारता बदलते, आणि किती बदलली यावरून कोणता बंध किती ताठ आहे ते कळतं. पायरी २ मध्ये काढलेला आलेख तिथे सोबत न्या.